दीड जीबीची रात्र

वसतिगृहातल्या विद्यार्थ्याची रात्र दिवे मालवल्यावर सुरू होते. पुण्यातल्या होस्टेलच्या खोलीत उशी कुठल्या दिशेला ठेवायची हे चार्जरची वायर ठरवते. दक्षिणेकडे पाय करू नयेत असं आजीनं बजावलेलं असतं, पण प्लगपॉइंट बसवताना कंत्राटदारानं आजीला विचारलेलं नसतं. रेक्टर चक्कर मारून जाईपर्यंत खोलीत गाढ शांतता असते. फक्त तीन चादरी आतून उजळलेल्या असतात.

२०१६ साली जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तोवर मुलं जपून फोन वापरत, आता जपून डेटा संपवतात. रोजचा दीड जीबी मध्यरात्री बाराला बाद होतो, उरलासुरला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. मेसच्या ताटात निम्मी भाजी टाकून उठणारा विद्यार्थी इथे मात्र कमालीचा काटकसरी होतो. साडेअकराला सहाशे एमबी शिल्लक दिसले की तो कर्तव्यबुद्धीनं रील्स बघायला बसतो. बाराच्या ठोक्याला नवा कोटा येतो, मग तो नीट चालतोय ना, हेही बघावं लागतं.

अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. पडद्याच्या निळसर प्रकाशानं ही वर्दी उशिरा पोचते. म्हणून फोनमध्ये पडदा पिवळट करणारी सोय असते आणि ती चालू करून पहाटे तीनपर्यंत जागणारे स्वतःला आरोग्याबाबत दक्ष समजतात. वास्तविक २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, निजण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली होती. दहाच! मात्र त्या मंडळींचे दिवे संशोधक रात्री दहाला बंद करत. होस्टेलवर असा संशोधक नेमलेला नसतो.

तेव्हा पहाटे तीनपर्यंतचे उरलेले तास बिचाऱ्या निळ्या प्रकाशाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. ते अंगठ्याच्या नावावर जातात. पूर्वी पानाच्या तळाशी 'पुढील पान' असं बटण असे आणि तिथे क्षणभर तरी शरम वाटायला वाव होता. २००६मध्ये अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना काढली आणि तळच गेला. त्यांनी पुढे याबद्दल खेदही व्यक्त केला. त्या खेदाचा व्हिडिओ विद्यार्थ्यांनी रात्री दोनला पाहिला आणि ग्रुपवर टाकला.

विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ मुळातच उशिराचं असतं, हे शास्त्रालाही मान्य आहे. सकाळी आठचं प्रॅक्टिकल लावणाऱ्या विभागाला नाही. सहापासून दर पाच मिनिटांनी लावलेले गजर रूममेटला जागं करतात. लावणारा घोरत राहतो. पंचाहत्तर टक्के हजेरीचा प्रश्न मग प्रॉक्सीवर सुटतो.

आठवडाभराची थकबाकी रविवारी दुपारपर्यंत झोपून वसूल होते. मेसची फीस्ट नसती तर संध्याकाळच झाली असती. मग गुलाबजामांवर आणखी एक डुलकी, आणि रात्री अकराला डोळे टक्क उघडे. समोर सोमवारचं प्रॅक्टिकल आणि शिल्लक नऊशे एमबी.