दोन पायांचे वीजगृह

भारनियमनाच्या दिवसांत ज्या घरात एकही संशोधक उदयास आला नाही, असे घर महाराष्ट्रात विरळाच. आमच्या घरात तो मान, वयाने ज्येष्ठ आणि उद्योगाने रिकामा या दोन्ही सबबींवर, मजकडे आला. माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल उतरवून, तिचे मागचे चाक जमिनीपासून अधांतरी राहील असा लोखंडी घोडा करवून घेऊन, त्या चाकावरचा पट्टा कायम चुंबकाच्या एका जुन्या मोटरीवर चढवून आणि मोटरीच्या तारा बारा व्होल्टांच्या बॅटरीस जोडून मी आमचे खासगी वीजगृह सिद्ध केले. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये डायोड घालणे अत्यावश्यक असते, कारण तो नसला तर स्वार खाली उतरताच बॅटरी उलट मोटरीसच फिरवू लागते आणि घाम गाळून जमा केलेली वीज रिकामे चाक गरगर फिरविण्यात आपल्या डोळ्यांदेखत खर्ची पडते. हा देखावा सरकारी जमाखर्चाशी परिचय असलेल्यांना नवा वाटणार नाही.

या यंत्राचा खरा चमत्कार असा की, बॅटरी बाजूस सारून दिवे थेट मोटरीस जोडले, तर दिवा बंद असेतो पायडल फुलासारखे हलके असते, आणि दिवा लागताक्षणी ते जड होते. फॅरडेने १८३१ मध्ये विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला तेव्हापासून निसर्गाने हा दंडक कसोशीने पाळला आहे: जितकी वीज मागाल तितका विरोध सोसा. परिणामी आतल्या खोलीत कोणी कोणते बटण दाबले, हे घराच्या कर्त्या पुरुषास प्रथमच, आणि तेही थेट पोटऱ्यांतून, कळू लागले.

पंख्याचा प्रयोग मात्र तत्त्वचिंतकांनीही अभ्यासावा असा आहे. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅट मागतो, आणि सामान्य प्रकृतीचा मनुष्य तासभर जेमतेम तेवढेच, फार तर शंभर वॅट, देऊ शकतो. परंतु मानवी देह अन्नाच्या जेमतेम चतुर्थांशाचे काम करतो व उरलेल्याची उष्णता, सबब ७५ वॅटांचा वारा निर्माण करणारा इसम त्याच खोलीत सव्वादोनशे वॅटांच्या शेगडीचे कार्य बजावीत असतो. आमचे शेजारी, जे एक सेवानिवृत्त अव्वल कारकून आहेत, त्या पंख्याखाली आरामखुर्ची टाकून बसले आणि "जरा वेग वाढवा, वारा लागत नाही," असा शेरा मारते झाले.

त्यानंतर सौभाग्यवतींनी इस्त्रीचा प्रस्ताव मांडला. इस्त्री निदान ७५० वॅटांची. आणि अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा सदरा परीटघडीचा करावयाचा तर पायडलवर मनुष्य नव्हे, घोडा बसविला पाहिजे. २०१५ मध्ये रॉबर्ट फ्योर्स्टेमान या जर्मन ऑलिंपिक सायकलपटूने, ज्याच्या मांड्या पाहून पैलवानांनीही मान खाली घालावी, ७०० वॅटांचा टोस्टर पायांनी चालवून पावाचा एक काप भाजला. काप कसाबसा तांबूस झाला आणि वीर जमिनीवर आडवा झाला.

उरला हिशेब. शंभर वॅटांनी दहा तास पायडल मारले की एक युनिट होते. पट्टा, मोटर आणि बॅटरी यांची दस्तुरी वजा जाता तेही भरत नाही. ही दस्तुरी धरून, अन्नाच्या भाषेत त्या एका युनिटास चार हजारांहून अधिक किलोकॅलरी, म्हणजे प्रौढ माणसाचा जवळजवळ दोन दिवसांचा शिधा, लागतो. बाजारात तेच युनिट एका मिसळीच्या प्लेटीहून स्वस्त मिळते. वीजबिलावर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकास एक युनिट स्वतः काढावयास लावावे, असे माझे मत बनले आहे.

तथापि पायडलच्या विजेस कमी लेखण्याचे कारण नाही. आल्फ्रेड ट्रेगर या ऑस्ट्रेलियन कारागिराने १९२०च्या दशकाच्या अखेरीस पायडलवर चालणारा बिनतारी संच बनविला, आणि शेकडो मैलांच्या ओसाडीत राहणाऱ्या कुटुंबांनी पाय हलवीत त्यावरून विमानाने येणाऱ्या ‘उडत्या डॉक्टर’ला बोलावणे धाडले. त्याला वीस-एक वॅट पुरत. ट्रेगर शहाणा होता, त्याने पायांकडे इस्त्री मागितली नाही. वाचकांपैकी कोणास असे वीजगृह उभारावयाचे असेल तर त्यांनी ते एक एलईडी दिवा, एक रेडिओ आणि मोबाइल यांपुरते खुशाल उभारावे. कपडे मात्र कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडेच द्यावेत. त्याची इस्त्री कोळशावर चालते.