जावयाची खापरपणजी

मुलीकडे बोल्टनला सहा महिने राहायचं म्हणजे पहिला आठवडा कौतुकाचा, दुसरा सर्दीचा आणि उरलेल्या चोवीस आठवड्यांचं काय करायचं, हा प्रश्न. जावयाला माझी दया आली. त्यानं आपल्या घराण्याची वंशावळ शोधायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी निवृत्त शिक्षक, शिरगणतीची ड्यूटी दोनदा केलेली. गणतीचे कागद आपल्याला काय नवे, अशा घमेंडीत लॅपटॉप उघडला.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली खानेसुमारी तिथं घरबसल्या बघता येते. घरोघर फॉर्म वाटायचे, गोळा करायचे आणि गणतीवाल्यानं ते आपल्या वहीत उतरवायचे, अशी पद्धत. उतरवणाऱ्याचं अक्षर डॉक्टरच्या वरताण. त्यावर पुन्हा मोजणी करणाऱ्या कारकुनांच्या रेघोट्या. त्या रेघा बघून मला वाटलं, कामं खोडलीत. निम्म्या बायकांना मी तिथंच बेकार करून टाकलं.

1881 च्या वहीत घराण्यातलं पाच वर्षांचं एक पोर सापडलं. त्याच्यापुढे ‘स्कॉलर’! जावयाची पाठ थोपटली, म्हटलं, विद्वत्ता रक्तातच आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हमालाची चारही पोरं स्कॉलर निघाली. शाळेत जाणारं पोर, एवढाच त्याचा अर्थ. एक पणजी ‘मंथली नर्स’ होती. पगार महिन्याच्या महिन्याला मिळत असणार, असं मी ठोकून दिलं. ती बाळंतिणीपाशी महिनाभर राहणारी बाई निघाली.

यावर शहाण्यानं थांबायला हवं होतं. पण मग खापरपणजी भेटली. विधवा, पदरी तीन मुलं, आणि धंदा ‘मँगलर’. डिक्शनरी काढली. मँगल करणे म्हणजे छिन्नविच्छिन्न करणे. मला घाम फुटला. रात्रभर ती बाई सुरा घेऊन डोळ्यांपुढे उभी.

रविवारी जेवायला विहीणबाई आल्या होत्या. त्या मन लावून मटण कापत असतानाच मी घसा खाकरला आणि म्हणालो, ‘‘वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या घराण्यात एक खाटीक बाई होती. निदान खाटीक तरी.’’

सुरी हवेत थांबली. मग विहीणबाई इतक्या हसल्या की ग्रेव्ही माझ्या शर्टावर आली. त्यांच्या आजीच्या परसात मँगल होतं म्हणे. दोन लाकडी रूळ, बाजूला दांडा. दांडा फिरवायचा, रुळांमधून चादर जायची आणि सपाट होऊन बाहेर पडायची. म्हणजे आपली रसवंतीच की! ऊस सोडून चादरी, आणि घुंगरू नाहीत. नवरा गेलेल्या बाईला शेजारीपाजारी वर्गणी काढून मँगल घेऊन देत, आपल्याकडे शिलाई मशीन देतात तसं. अख्ख्या गल्लीचे कपडे दाबून तिनं पोरं वाढवली असणार, आणि मी तिच्या हातात सुरा दिला होता.

झाकपाक करावी म्हणून मी पुढचं ज्ञान काढलं. ‘‘याच 1881 च्या मोजणीत, बरं का, नुसतं घर सांभाळणाऱ्या बायकांना चक्क बिनव्यवसायी वर्गात टाकलं. आधी त्यांना निदान वेगळा वर्ग तरी होता. आणि 1841 ला तर सूचनाच होती, नवऱ्याच्या धंद्यात हातभार लावणाऱ्या बायकोचं काम लिहायची गरज नाही! काय हा अन्याय!’’

हिनं ताटातून मान वर केली.

‘‘अहो, 1991 ला तुम्ही आपल्याच आळीत गणती केलीत ना? माझ्यापुढे काय लिहिलंत?’’

त्या वर्षी ही रुखवताचे लाडू-चिरोटे करून देत होती. माझ्या स्कूटरचे हप्ते त्यातूनच गेले.

‘‘घरकाम,’’ मी पुटपुटलो.

विहीणबाईंना मराठी येत नाही, तेवढाच आधार होता. पण मुलीनं लगेच शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला. एकही चूक न करता.