जाता जाताचे पाहुणे

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. परंतु ती प्रथम सांगणाऱ्या पंडिताचे घर लोंढा जंक्शनपासून हाकेच्या अंतरावर नसावे. आमच्याकडे येणाऱ्यांची तिथी पंचांगाइतकी निश्चित असते: नाताळानंतरचा रविवार, वेळ सकाळी अकरा, म्हणजे भाताचा कुकर नुकताच उतरलेला असतो तेव्हाची.

दोष आमच्या नातलगांचा नाही, भूगोलाचा आहे. मार्मागोव्याच्या बंदरापासून निघालेला लोहमार्ग १८८८ साली कॅसलरॉकचा घाट चढून इकडे आला, आणि तेव्हापासून आमचे गाव कोणाचेही गंतव्यस्थान न राहता सर्वांच्या वाटेवरचे ठिकाण होऊन बसले. पोर्तुगीज अमलात कुळ्याला तिकडची आणि कॅसलरॉकला इकडची जकात उरकून, ट्रंकेची दोनदा उलथापालथ झालेला मनुष्य येथे पुढच्या गाडीची वाट पाहत बसे तेव्हा त्याला घरी आणून जेवू घालणे, हा रेल्वेत नोकरीस असलेल्या आमच्या आजोबांना धर्मच वाटे. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला, जकात गेली, नव्वदीच्या दशकात मीटरगेजचे रूळ जाऊन रुंद रूळ आले. पाहुणे मात्र कायम राहिले; ते आता अनमोडच्या घाटातून रस्त्याने येतात, एवढेच.

ह्या जातीचा अस्सल नमुना म्हणजे आमचे मेहुणे. पुण्यास बँकेतून सेवानिवृत्त होताच त्यांनी एक जुनी प्रवासी मोटार घेतली, तिच्यातील आसने उपटून आत पलंग, गॅसची शेगडी, वीतभर मोरी आणि छतावर पाण्याची टाकी बसवून घेतली, आणि आता दर हिवाळ्यात हे बिऱ्हाड घेऊन ते सपत्नीक काणकोणच्या समुद्रकाठी पंधरवडाभर मुक्काम ठोकतात. ‘आता कोणाच्या दारात पाऊल टाकायला नको, दाजी,’ हे वाक्य त्यांनी मला गेल्या पाच वर्षांत चार वेळा ऐकवले आहे, आणि चारही वेळा आमच्याच ओसरीवर बसून. काणकोणाहून पुण्यास जायला दुसरेही रस्ते आहेत. पण त्या रस्त्यांवर त्यांची ताई राहत नाही.

‘ताई, तू काही करू नकोस हं, जाता जाता डोकावलो, चहासुद्धा नको,’ असे ते उंबऱ्यातूनच फर्मावतात. ह्या ‘चहासुद्धा नको’चा अर्थ लावण्यात आमच्या सौभाग्यवतीचा हातखंडा आहे, ती ‘बस रे’ म्हणून मागल्या दारी जाते आणि बंबात लाकडे सारते. चहा होतो. चहाबरोबर, खाऱ्या पाण्याने अंग कसे चरचरते, हा विषय निघतो. छतावरची टाकी मडगावलाच रिकामी झालेली असते. मग एकामागून एक स्नाने होतात, पाठोपाठ पंधरा दिवसांचे धुणे येते, आणि आमच्या मोरीत काणकोणची वाळू साचू लागते.

तोपर्यंत खिडकीच्या गजांतून एक काळी वायर घरात शिरलेली असते. तिचे एक टोक आमच्या देवघराशेजारच्या प्लगमध्ये, दुसरे मोटारीच्या पोटात. अत्यवस्थ रुग्णाला सलाईन लावावी तशी ती मोटार आमच्या घराच्या जिवावर हळूहळू हुशारीत येते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर हे खरे. पण विंचू कोणाकडे प्लग मागत नाही.

भोजनाचा प्रसंग मात्र मी कधी विसरणार नाही. ‘एकदा आत बसून तर जेवा, दाजी,’ असा आग्रह झाल्यामुळे मी आमच्याच चुलीवरच्या वरणभाताचे आमचेच ताट हाती घेऊन, कमरेत वाकून, त्या मोटारीत शिरलो, छताला डोके आपटून घेतले आणि पलंगाच्या कडेवर एका मांडीने बसलो. ‘घरच्यासारखं वाटतं की नाही?’ मेहुण्यांनी विचारले. समोरच्या खिडकीतून, दहा हातांवर, माझे घर दिसत होते.

निघताना ते काजूची पुडी देतात. ती वाटेत एकदा उघडून पुन्हा बांधलेली असते. चंदगडचा काजू आमच्याकडे बारमाही असतो, हे त्यांना सांगू नये अशी मला घरातून सक्त ताकीद आहे. दोन वर्षांपूर्वी ते परस्पर कारवारमार्गे गेले तेव्हा हीच ताकीद देणारी बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती, जणू रस्ता मीच बदलला होता.

पुढला मुक्काम निपाणीच्या आत्याबाईंकडे, अर्थात जाता जाताच. मोटार वळणाआड झाली की आजोबांच्या खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे मी पुढल्या स्टेशनाला फोन लावून गाडी सुटल्याची वर्दी देतो. ‘निघाले बघा,’ मी म्हणतो. ‘येऊ देत की,’ आत्याबाई म्हणतात, ‘भात टाकलाय.’

वाचकांपैकी कोणी ह्या हिवाळ्यात गोव्याहून इकडून परतणार असतील, तर त्यांनी कृपा करून अनमोडहूनच फोन करावा. बंब तापायला पाऊण तास लागतो.