सत्कारमूर्ती हजर पाहिजे

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यात मार्च महिन्यात ज्या बाईचा सत्कार होत नाही, ती एकतर नुकतीच राहायला आलेली असते, नाहीतर तिनं महिला मंडळाची वर्गणी थकवलेली असते. बाकी सगळ्यांची सोय होते. 8 मार्चचा महिला दिन आता 8 मार्चला मावत नाही. हॉल मिळत नाहीत, पाहुणे मिळत नाहीत, त्यामुळे तो कधी फेब्रुवारीतच उरकतो, तर कधी पाडवा उलटून गेल्यावर साजरा होतो. मुंबईच्या त्या घामट उकाड्यात खांद्यावर लोकरीची शाल घेऊन हसतमुख उभं राहणं, हे खरं म्हणजे स्वतंत्र पुरस्कार देण्याजोगं काम आहे.

आमच्या मुलुंडच्या मंडळाचंच सांगते. नाव सांगत नाही, म्हणजे प्रत्येक मंडळाला ते आपलंच वाटेल. पुरस्कार ठरवायला कार्यकारिणी बसली. जितक्या सभासद तितके पुरस्कार, हे तत्त्व आधीच मान्य होतं. प्रश्न फक्त नावांचा होता. घरून मसाले विकणारी ‘उद्योगिनी’, सकाळी बागेत हास्यक्लबला जाणारी ‘आरोग्यदूत’, मुलगा अमेरिकेत असलेली ‘आदर्श माता’. ‘आदर्श सासू’साठी सुनेचं शिफारसपत्र जोडावं, अशी सूचना कुणीतरी केली. मुदत संपेपर्यंत एकही अर्ज आला नाही, तेव्हा ती अट एकमतानं काढून टाकली. शेवटी एक सभासद उरली, तिच्यासाठी काहीच सापडेना. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “पण त्या दरवर्षी सत्काराला न चुकता येतात हो.” झालं. त्यांना ‘निष्ठावंत रसिका’.

समाजसेवा म्हणजे काय, याबद्दल आमच्या मंडळात मतभेद नाहीत. जिचा फोटो निघतो ती समाजसेवा. थंडी पडली की आम्ही आरे कॉलनीतल्या किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या एखाद्या पाड्यावर ब्लँकेटं घेऊन जातो. आमच्या आधी एक मंडळ येऊन गेलेलं असतं, आमच्या मागे एक गाडी लावत असतं. पाड्यातली मुलं इतकी तयार झाली आहेत, की बॅनर उलगडताना दिसला की आपणहून उंचीप्रमाणे उभी राहतात. बुटकी पुढे, उंच मागे, मध्ये अध्यक्षांसाठी जागा. पाड्यावर रात्री दिवे आहेत का, बायका पाणी कुठून आणतात, हे विचारायचं राहून जातं. कारण गाडी दोन वाजेपर्यंतच ठरवलेली असते आणि वाटेत जेवायचंही असतं.

पुरुषांच्या क्लबांतही हेच चालतं, हे मान्य आहे. तिथे गळ्यात पट्टा असतो, छातीवर बिल्ला असतो आणि सगळं इंग्रजीत होतं, म्हणून ते गंभीर वाटतं. आम्ही मराठीत करतो, त्यामुळे लगेच हसू येतं.

प्रमुख पाहुण्यांचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे. मुंबई महापालिकेत 227 जागा. 2012 च्या निवडणुकीपासून त्यांतल्या निम्म्या महिलांसाठी राखीव झाल्या आणि उपनगरातल्या महिला मंडळांचा भाव एकदम वधारला. पुढे 7 मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक लांबत गेली. नगरसेवक संपले, पण पाहुणे वाढले. पूर्वी एका वॉर्डात एकच खुर्ची मांडावी लागे. मग ‘माजी’ आणि ‘भावी’ अशा दोन्ही बाजूंना मांडाव्या लागू लागल्या. भावी ताई खेळ पैठणीचा ठेवत, माजी ताई तीर्थयात्रेची बस सोडत. लिंबू-चमचा घेऊन धावणारीला पैठणी मिळे. नळाला पाणी कमी दाबानं का येतं, असं विचारणारीला ‘पुढच्या कार्यक्रमाला जायचंय’ हे उत्तर मिळे.

पुरस्कार ठरवायच्या त्या बैठकीत मला एक खोडी सुचली. आमच्या पुरस्काराच्या अर्जात एका जुन्या कार्यकर्तीची माहिती भरली, नाव झाकलं आणि छाननी समितीकडे दिला. शेरे आले ते असे.

शिक्षण: वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून चळवळीत. शेरा: परिचयात हा उल्लेख टाळावा.

कार्य: गोरेगावात महिला मंडळ आणि कुटुंबनियोजनाचं काम, 1961 मध्ये मुंबई महापालिकेवर निवड, वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून हंडे-कळशा घेतलेल्या बायकांसह मोर्चे. शेरा: पाणी देतानाचा फोटो जोडलेला नाही.

1972 मध्ये अहिल्याताई रांगणेकरांसारख्या दुसऱ्या पक्षांतल्या बायकांनाही बरोबर घेऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. थाळ्या वाजवत, लाटणी उगारत हजारो बायका रस्त्यावर. शेरा: लाटण्याचा उपयोग स्वयंपाकासाठी झाला असल्यास ‘अन्नपूर्णा’ गटात विचार करता येईल.

आणीबाणीत तुरुंगवास. शेरा: पोलिसांचा दाखला लागेल.

1977 मध्ये लोकसभेवर निवड. पुढे विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध आवाज. 1988 मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात सर्वांत आधी. शेरा: विषय समारंभाला साजेसा नाही.

शेवटचा रकाना: कार्यक्रमाला उपस्थित राहणार का? मी खरं लिहिलं. निधन, 17 जुलै 2012. शेरा: अपात्र. सत्कारमूर्ती स्वतः हजर पाहिजे.

नाव उघडं केल्यावर दोन मिनिटं शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं, “अगंबाई, मृणाल गोरे? त्यांच्या नावाचा गोरेगावला उड्डाणपूल आहे ना?” आहे. ज्या बाईनं आयुष्यभर रस्त्यावर उतरून काम केलं, तिचं नाव आपण रस्ता ज्याच्यामुळे खाली राहतो त्या पुलाला दिलं. मात्र त्यांची ‘पाणीवाली बाई’ ही पदवी कुठल्या कार्यकारिणीनं ठराव करून दिली नव्हती. ती नळाशी उभ्या राहिलेल्या बायकांनी दिली, आणि पन्नास वर्षांनंतरही तिच्यावरची धूळ झटकावी लागत नाही. आमची स्मृतिचिन्हं दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातात.

दुसरं उदाहरण अजून गैरसोयीचं आहे. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतची ही गोष्ट महिला दिनाच्या प्रत्येक भाषणात येते, बहुधा वक्त्याला पापडाचा बॉक्स भेट देण्याआधी. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली ती 2021 मध्ये, म्हणजे बासष्ट वर्षांनी. आमच्याकडे वर्गणीची पावती फाडल्यावर शाल अंगावर पडायला बासष्ट दिवसही लागत नाहीत. शिवाय त्या सातजणींनी आधी पापड विकले, मग नाव झालं; आम्ही आधी बॅनर छापून घेतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी, नाहीतर आमच्या खजिनदारबाई माझ्याशी बोलणार नाहीत. मंडळात कामं होतात. वृद्ध शेजारणीचं पेन्शनचं काम करून देणाऱ्या आहेत, मोलकरणीच्या मुलीला रोज संध्याकाळी दहावीचं गणित शिकवणाऱ्या आहेत. आमच्या एक सभासद गेली काही वर्षं कुणा ना कुणा पेशंटला सोबत म्हणून मुलुंडहून लोकलनं परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात जातात. तिथे केसपेपरच्या रांगेत उभ्या राहतात, रिपोर्ट आणतात, गावाहून आलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगतात. यंदा त्यांचं नाव मीच सुचवलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्या आल्या नाहीत. कुणाची तरी केमोची तारीख होती. नियमाप्रमाणे त्यांचा पुरस्कार रद्द झाला आणि शाल वाया जाऊ नये म्हणून सूत्रसंचालिकेला देण्यात आली. तिनं रात्रभर जागून चारोळ्या पाठ केल्या होत्या, त्यामुळे तशी तक्रारीला जागा नाही.

माझी सूचना साधी आहे आणि ती पुढच्या सर्वसाधारण सभेत लेखी देणार आहे. सत्कार बंद करू नका; वर्षभर घरचं आणि दारचं करणाऱ्या बाईला एक दिवस कुणी हार घातला तर बिघडत नाही. फक्त हार घालणारा बदला. व्यासपीठावर माजीही नको, भावीही नको. जिच्यासाठी काम झालं त्या पाड्यातल्या बाईला, त्या पेशंटच्या मुलाला, दहावी झालेल्या त्या मुलीला बोलवा आणि शाल त्यांच्या हातून द्या. ज्या पुरस्कारासाठी असं एकही माणूस सापडणार नाही, तो पुरस्कार त्या वर्षी देऊ नका. कदाचित कार्यक्रम दहा मिनिटांत संपेल. वडा गरम असतानाच खायला मिळेल, एवढा तरी समाजाचा फायदा होईल.