आपत्ती आराखडा: नवशिक्या व्यवस्थापकांसाठी

शेवगावात पतसंस्था किंवा जिनिंग चालवत असाल आणि तपासनीसाने ‘आपत्ती आराखडा दाखवा’ म्हटलं, तर घाबरू नका. दुसऱ्या कुणाचा तरी मागून आणा आणि वरचं नाव तेवढं बदला. तो कोकणातला निघाला तर उत्तमच. ‘त्सुनामीचा इशारा मिळताच उंच जागी जावे’ हे कलम खुशाल राहू द्या. जायकवाडीचा फुगवटा तालुक्याला लागूनच आहे, कुणी शंका घेणार नाही.

मग समिती नेमावी. अध्यक्ष चेअरमनसाहेब, जे पुण्याला राहतात. मेन स्विच कुठे, कोणती किल्ली कोणाकडे, जनरेटर किती हिसक्यांत सुरू होतो, हे फक्त शिपाईमामांना ठाऊक असतं. त्यांना समितीत घेऊ नये. मग बैठकीला चहा कोण देणार?

बॅकअप रोज घ्यावा आणि हार्ड डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या खणात ठेवावी. आग लागली तर दोन्ही बरोबर जातात, हिशेब जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. आग विझवायचं नळकांडं कपाटामागे, म्हणजे चोरीला जात नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यायचं असतं. ते फ्रेम करून लावावं, पिन गंजली असली तरी. जिनिंगवाल्यांनी हे विशेष मनावर घ्यावं, कारण कपाशीतून यंत्रात गेलेला एक खडा ठिणगी पाडायला पुरतो.

पुराच्या रकान्यात ‘शक्यता अल्प’ लिहावं. आपला तालुका अवर्षणप्रवण, इथे टँकरची काळजी करायची! २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीच्या पावसाने नंदिनी नदी फुगली, भगूर, वरूर, आखेगाव, वडुले इथे पाणी घरांत शिरलं, जनावरं वाहून गेली. पण छापील आराखडा काही भिजला नाही, तो नगरला हेड ऑफिसात होता.

आता खरं सांगतो. शिपाईमामांना समितीत घ्या. डिस्कची एक प्रत दुसऱ्या गावातल्या शाखेत ठेवा, दप्तरं खालच्या फळीवरून वर चढवा. एखाद्या कामाच्या दिवशी न सांगता मेन स्विच पाडा आणि तासभर काउंटर कसा चालतो ते बघा. आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तो आजच भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.