मार्कांसाठी जमवलेली सोयरीक

— अगं सुमे, काल मध्यरात्रीपर्यंत कसली एवढी खिदळत होतीस?

— ‘क्लूलेस’ बघत होते काकू, १९९५चा. बेव्हर्ली हिल्समधली शेर नावाची शाळकरी पोर, बाप बडा वकील, आई नाही. कशावर काय शोभेल ते कॉम्प्युटरवर बघून कपडे घालते! आणि उद्योग काय, तर लोकांच्या जोड्या लावणं.

— लष्कराच्या भाकऱ्या!

— छे, आधी स्वतःचीच पोळी भाजली. बाकी मास्तरांशी घासाघीस करून मार्क वाढवून घेतले, पण हॉलसर काही बधेनात. मग म्हणाली, माणूस प्रेमात पडला की हात सैल सुटेल. गाइस्टबाईंना निनावी चिठ्ठी काय, गुलाब काय, त्यांचा चष्मासुद्धा उतरवला. जमलं की हो! सगळ्यांचेच मार्क वाढले. शेवटी लग्नही झालं.

— मग हिच्या अंगात परोपकार आला असणार.

— अगदी! शाळेत ताय नावाची साधी मुलगी नवीन आली. तिचं स्केटबोर्डवाल्या ट्रॅव्हिसकडे मन. पण हिला तो पसंत नाही. हिने एल्टन हेरला. त्याने तायचा फोटो लॉकरमध्ये लावला, झालं, दोघी हवेत. आणि लावला कशासाठी? तर फोटो शेरने काढला होता म्हणून!

— अगं बाई!

— पार्टीहून येताना गाडीत हिच्याशीच लगट. ही उतरली, तर तिथेच टाकून गेला. वर चोर आला. जमिनीवर झोप म्हणाला, तर ही हुज्जत घालते, ड्रेस खराब होईल म्हणून! मग फोन जॉशला. बापाने मध्यंतरी केलेल्या बायकोचा मुलगा. घटस्फोट झाला, पोरगा अजून येऊन-जाऊन. हिला सदा टोमणे.

— म्हणजे त्याच्याशीच जमणार. अगं, ही तर जेन ऑस्टिनची ‘एमा’, १८१५ची! तिथे नाइटलीसाहेब असेच ऐकवत असतात. सोनम कपूरचा ‘आयशा’ही तोच.

— तरीच म्हटलं ओळखीचं वाटतंय!

— पण बघ, मार्कांसाठी जमवताना तिने सरांना नीट पारखलं. तायला मात्र कोण आवडतो ते धड विचारलंसुद्धा नाही. बरं, त्या ट्रॅव्हिसचं काय झालं?

— तायचं शेवटी त्याच्याशीच जमतं. नशापाणीही सोडतो तो.

— चांगलं झालं. पण कामधंदा काय करतो?

— काकू!