रोडग्याला घाई चालत नाही

तिवसा बहुतेकांनी पाहिलेलं असतं, पण गाडीच्या काचेतून. अमरावती-नागपूर महामार्गावर इकडचे तिकडे अन् तिकडचे इकडे धावत असतात आणि पानठेल्यावरची मंडळी त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहत असतात. ‘एवढ्या घाईनं जाऊन करतात काय बावा?’ हा इथला जुना, अजून न सुटलेला प्रश्न.

मी पुण्यात राहून घाईचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस. लिफ्टचं बटण एकदा दाबून माझं समाधान होत नाही. गावी आलो की हे शिक्षण पार वाया जातं.

1986 साली रोममध्ये मॅकडोनाल्डचं दुकान निघणार म्हणून कार्लो पेट्रिनी आणि मंडळींनी निषेध केला आणि त्यातून ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. तिचं बोधचिन्ह गोगलगाय. वऱ्हाडाला चळवळीची गरज पडली नाही. आमच्याकडे रोडगे होते.

रोडग्यांसाठी शेतात जायचं ठरतं 10 ला, निघणं होतं 12 ला. गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या आणि जाळ बसून निखारे होईपर्यंत वाट पाहायची. मग त्यात कणकेचे गोळे. इथे गॅस मोठा करता येत नाही, कुकरची शिटी नाही. “झाले काय हो काका?” विचारलं की उत्तर येतं, “होऊन रायले ना भाऊ. तुले कोन्ती गाडी धराची हाये?” तोवर वांगी चिरता चिरता दोन भावांचा धुऱ्याचा वाद निम्मा मिटतो, कुणाच्या पोरीला स्थळ सुचवलं जातं आणि कापसाच्या भावावरून सरकारचा उद्धार होतो. हातांना कणीक लागलेली असल्यामुळे मोबाइल खिशातच वाजून गप्प बसतो.

म्हणून आम्हाला वेळेची किंमत नाही असं समजू नका. याच तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखो माणसं 4 वाजून 58 मिनिटांनी मौन पाळतात. 11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले ती ही वेळ. लग्नाच्या अक्षता तासभर उशिरा पडणाऱ्या मुलखात हे मिनिट चुकत नाही. घड्याळ आम्हालाही कळतं; आम्ही ते थांबण्यासाठी वापरतो.

रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूरही याच तालुक्यात. तिथून 1594 पासून पंढरपूरला पालखी जाते, असं सांगतात. महिन्याहून जास्त दिवसांची पायी चाल. गाडीनं हे अंतर एका दिवसात कापता येतं, हे वारकऱ्यांना कुणी सांगायला नको. पण एका दिवसात वाटेवरच्या किती घरची भाकर खाऊन होणार?

तेव्हा रोडग्यांचं आवतन आलं तर अख्खा दिवस मोकळा ठेवून या. आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्या भावालाही घेऊन या. रोडगे भाजून होईपर्यंत बोलावंच लागतं.